‘सगळं गाव सांगतंय’ हा पुरावा होतो का?

तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी यांच्यापुढच्या सुनावणीत ऐकीव गोष्टीला किती किंमत असते? विचखेड्याच्या सरपंचांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितलं आणि आपण त्यातून काय घ्यायचं?

शेतरस्त्याची केस, सातबाऱ्यावरच्या नोंदीला हरकत, रेशन दुकानाची तक्रार किंवा ग्रामपंचायत सदस्याला अपात्र करण्याचा अर्ज. आपल्या गावाकडचे बहुतेक वाद कोर्टाची पायरी चढण्याआधी सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर येतात. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत आणि इगतपुरीपासून मालेगावपर्यंत, जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांत हेच चालतं. तिथे न्यायाधीश नसतो. दोन्ही बाजूंना वकील असतीलच असंही नाही. आणि तिथे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “साहेब, सगळ्या गावाला माहीत आहे.”

या वाक्यावर एखाद्याचं सरपंचपद जाऊ शकतं का? एखाद्याचा रस्ता बंद होऊ शकतो का? थोडक्यात उत्तर असं आहे: अशी ऐकीव गोष्ट अधिकाऱ्याने कानावर घ्यायला बंदी नाही. पण ती पडताळून न बघता तिच्यावरच निकाल दिला, तर तो निकाल टिकत नाही. मधल्या काळात ज्याचं नुकसान व्हायचं ते मात्र होऊन जातं. म्हणून हा विषय वकिलांपुरता नाही. ज्याच्या घरी उद्या नोटीस येऊ शकते, त्या प्रत्येकाचा आहे.

विचखेड्यात काय झालं?

विचखेडा हे जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातलं गाव. २०२१ मध्ये मनीषा पानपाटील तिथे सरपंच झाल्या. पुढे गावातल्याच काही जणांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सरपंच सासूसोबत राहतात आणि ते घर सरकारी जागेवर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. तक्रारीचा आधार हाच होता.

सरपंचांनी आरोप नाकारला. त्या घरात आपण राहत नाही, नवरा आणि मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, शिवाय ते जुनं घर इतकं मोडकळीला आलंय की तिथे कुणी राहूच शकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे प्रश्न साधा होता: त्या घरात कोण राहतं? गावात जाऊन एक चक्कर मारली असती, भाड्याच्या घराचे कागद पाहिले असते, शेजाऱ्यांचे जबाब समोरासमोर घेतले असते, तर उत्तर सापडलं असतं. पण जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्रतेचा आदेश दिला. जळगाव जिल्हा नाशिक विभागात येतो, त्यामुळे अपिलाची पायरी विभागीय आयुक्तांची. आयुक्तांनीही तोच आदेश कायम केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांची याचिका तांत्रिक कारणावर फेटाळली गेली.

शेवटी २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. सूर्यकांत आणि न्या. उज्जल भुयान यांनी हे सगळे आदेश रद्द केले आणि पानपाटील यांना मुदत संपेपर्यंत पदावर राहू द्यावं असं सांगितलं. न्यायालयाने दोन गोष्टींवर बोट ठेवलं. पहिली, खरं काय आहे याची पडताळणी न करता, कोरड्या विधानांवर विसंबून वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या अधिकाऱ्यांनी यांत्रिकपणे आदेश काढले. दुसरी, एक बाई सरपंच झाली आणि आपल्याला तिच्या निर्णयाप्रमाणे चालावं लागणार, हे गावातल्या काहींच्या पचनी पडलं नाही.

या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत. ज्याच्या मागे गावातलं वजन, त्याच्या बाजूने बोलणारी माणसं जास्त. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण खुर्चीवर बसलेली बाई, आदिवासी पाड्यावरचा सदस्य, एकटं पडलेलं घर यांच्याविरुद्ध “सगळं गाव सांगतंय” असं म्हणणं फार सोपं असतं. दहा जणांनी एकच ऐकलेली गोष्ट सांगितली म्हणून दहा पुरावे होत नाहीत. मूळ पाहणारा एकही नसेल, तर दहाही जण एकाच अफवेचे वाटेकरी.

कायदा इथे सैल आहे असंही कुणी समजू नये. २०१८ मध्ये जनाबाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट बाजूने कडक भूमिका घेतली होती. कुटुंबातल्या कुणी आधी केलेलं अतिक्रमण सदस्य पुढे वापरत राहिला, तरी तो अपात्र ठरू शकतो, असा त्या निकालाचा अर्थ. कायदा इतका कडक असताना ‘सदस्य तिथे खरंच राहतो का’ या एका मुद्द्यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून तोच मुद्दा पक्क्या पुराव्याने ठरायला हवा.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि नुसतं म्हटलेलं

सुनावणीत तीन प्रकारची वाक्यं येतात. ती वेगळी करायला शिकलं, तर अर्धं काम होतं.

“मी माझ्या डोळ्यांनी त्यांना तिथे राहताना पाहिलं” हा प्रत्यक्ष पुरावा. सांगणाऱ्याला प्रश्न विचारता येतात: कधी पाहिलं, किती वेळा, तुम्ही तिथे कशाला गेला होतात?

“मला शेजारच्याने सांगितलं की ते तिथे राहतात” हा ऐकीव पुरावा. इथे सांगणाऱ्याला कितीही प्रश्न विचारा, तो म्हणणार, मला काय माहीत, त्याने सांगितलं. ज्याने पाहिलं तो समोर नाही.

“ते अतिक्रमणातच राहतात, चौकशी करावी” हा नुसता आरोप. यात पाहणाराही नाही आणि सांगणाराही नाही. अर्जावर पन्नास सह्या असल्या तरी तो आरोपच राहतो.

कोर्टात नियम कडक असतो. तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याची, ऐकणाऱ्याचीच हवी. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. सरकारी कार्यालयातल्या चौकशीत मात्र हे नियम इतक्या ताठपणे लावले जात नाहीत.

कंडक्टरची केस

ही सूट कुठपर्यंत, हे १९७७ च्या एका निकालातून कळतं. हरियाणा रोडवेजच्या एका बसची तपासणी पथकाने अचानक तपासणी केली. प्रवाशांनी पैसे दिले होते पण त्यांना तिकिटं मिळाली नव्हती, असं पथकाचं म्हणणं. कंडक्टरला नोकरीवरून काढलं. खात्याच्या चौकशीत एकाही प्रवाशाची साक्ष झाली नव्हती. प्रवासी काय बोलले ते पथकाच्या अधिकाऱ्याने सांगितलं, म्हणजे ऐकीवच. खालच्या कोर्टांनी कंडक्टरच्या बाजूने निकाल दिला.

सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी तो फिरवला. खातेचौकशीत साक्षीच्या कायद्याचे बारीक नियम लागू नाहीत आणि ऐकीव म्हणून एखादी गोष्ट लगेच बाजूला टाकायची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. मात्र सोबत अटी घातल्या: ती गोष्ट मुद्द्याशी जोडलेली हवी, विश्वास ठेवण्यासारखी हवी आणि अधिकाऱ्याने ती सावधपणे तोलून घ्यायला हवी.

कार्यालयांमध्ये या निकालाचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. अटी विसरल्या जातात. त्या केसमध्ये पथकाचा अधिकारी स्वतः बसमध्ये चढला होता, त्याने तपासणी केली होती आणि चौकशीत तो प्रश्नांना उत्तरं द्यायला हजर होता. पारावर बसून ऐकलेली गोष्ट आणि ही, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

त्याआधी १९५७ मध्येच टी. आर. वर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची किमान चौकट सांगून ठेवली होती. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपला पुरावा मांडता आला पाहिजे. विरोधातली साक्ष त्याच्यासमोर झाली पाहिजे. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची संधी मिळाली पाहिजे. आणि त्याला दाखवला नाही असा कुठलाही मजकूर त्याच्याविरुद्ध वापरता कामा नये. यालाच नैसर्गिक न्याय म्हणतात. साक्षीचा कायदा सैल झाला, तरी ही चौकट सुटत नाही.

ऐकीव सगळंच टाकाऊ नाही

इथे दुसरी बाजूही बघायला हवी. ऐकीव गोष्ट साफ बंद केली, तर सगळ्यात जास्त नुकसान आपल्यासारख्या गावकऱ्यांचंच होईल.

समजा, एखादा शेतरस्ता नकाशावर नाही, पण तीन पिढ्यांची बैलगाडी तिथूनच जाते. रस्ता पहिल्यांदा वापरणारा पणजोबा आज साक्षीला येणार नाही. नातू सांगणार, “आजोबा सांगायचे, ही आपली वाट.” हे ऐकीवच आहे. पण ते खोटं नाही. साक्षीच्या कायद्यातही याला जागा ठेवलेली आहे. मयत झालेल्या जाणत्या माणसाने, वाद सुरू होण्याच्या आधी, गावाच्या वहिवाटीबद्दल, सार्वजनिक हक्काबद्दल किंवा नात्यागोत्याबद्दल जे सांगितलं, ते पुरावा म्हणून घेता येतं. ‘वाद सुरू होण्याच्या आधी’ ही अट महत्त्वाची. भांडण पेटल्यावर आठवलेल्या गोष्टीला तेवढं वजन नसतं.

शिवाय आजोबांचं वाक्य एकटं उभं राहत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंचा जुना बांध, चाकोरीच्या खुणा, आजूबाजूच्या शेतकऱ्यांची आजची वहिवाट, हे सगळं त्याला टेकू देतं. वापरातला रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करावा लागतो. त्यात साक्षीदार शपथेवर तपासले जातात. तिथे आजोबांची आठवण सांगा, पण तिला टेकू देणारा साक्षीदार आणि खुणाही सोबत न्या.

जात पडताळणीतही हेच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण भागातल्या अनेक मुलांना याचा अनुभव आहे. दक्षता पथक घरी येतं, आईवडिलांना, नातेवाइकांना चालीरीती, देवदेवता, लग्नविधी विचारतं आणि अहवाल लिहितं. त्यातला बराचसा भाग माणसांनी सांगितलेलाच असतो. १९९४ च्या माधुरी पाटील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घालून दिली, तेव्हाच सांगितलं होतं की अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत उमेदवाराला द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. पुढे मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात आणखी स्पष्ट केलं: चालीरीतींच्या प्रश्नोत्तरांची परीक्षा हीच एकमेव कसोटी नाही आणि संविधान लागू होण्याआधीच्या जुन्या कागदांना सगळ्यात जास्त वजन आहे. आजोबांचा शाळेचा जुना दाखला हाती असेल, तर “यांच्या घरी अमुक प्रथा पाळत नाहीत असं कुणीतरी सांगितलं” या ओळीने तो पुसला जात नाही.

गडबड पंचनाम्यात होते

आता कागदावर ही गोष्ट कशी चढते ते बघू. गावात तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा मंडळ अधिकारी पंचनाम्याला येतात. कागदावर लिहिलं जातं: “उपस्थितांनी सांगितले की सदर जागेत अमुक यांचे वास्तव्य आहे.” खाली चार-पाच सह्या. मग तो पंचनामा वर जातो आणि वरच्या आदेशात वाक्य बदलतं: “पंचनाम्यावरून वास्तव्य सिद्ध होते.”

‘सांगितले’ चं ‘सिद्ध होते’ कधी झालं, ते कुणालाच कळत नाही. मधल्या प्रवासात कुणी घरात डोकावलं नाही, चूल पाहिली नाही, लाइट बिल बघितलं नाही. सरकारी शिक्का बसला की ऐकलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीसारखी दिसायला लागते. म्हणून पंचनाम्यात अधिकाऱ्याने स्वतः काय पाहिलं आणि त्याला लोकांनी काय सांगितलं, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहून घेण्याचा आग्रह धरा. सही करणाऱ्यांनीही आपण काय पाहिलं त्यावरच सही करावी. उद्या उलट प्रश्न आपल्यालाच विचारले जाऊ शकतात.

मोबाइलचंही तसंच. वॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज म्हणजे नव्या कपड्यातली ऐकीव गोष्टच. तो मूळ कुणी लिहिला, ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. उलट तुम्ही स्वतः, त्या जागेवर, त्या दिवशी काढलेला फोटो किंवा व्हिडिओ कामाचा. तो ज्या फोनवर काढला त्यातून पुसू नका. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तर डिजिटल पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फाइल असेल तर ते देणं सोपं जातं.

नोटीस आली तर काय करायचं?

नोटीस हातात पडली की आधी तक्रार अर्ज, त्याला जोडलेले कागद, पंचनामा आणि चौकशी अहवाल यांच्या नकला लेखी मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी मागणी केली होती, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

आपलं लेखी म्हणणं देताना प्रत्येक आरोपाखाली तीन प्रश्न लिहा: हे कुणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठे पाहिलं? ज्या आरोपाला या तिन्हींची उत्तरं नाहीत, तो ऐकीव आहे असं स्पष्ट शब्दांत नोंदवा. “सर्व आरोप खोटे आहेत” एवढ्या एका ओळीचा उपयोग होत नाही.

ज्यांनी विरोधात जबाब दिले त्यांना बोलवा आणि उलटतपासणीची संधी द्या, अशी मागणीही लेखीच करा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२७ प्रमाणे महसुली चौकशीत साक्षीला आणि कागद घेऊन यायला समन्स काढण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना आहे. मागितलंच नाही, तर पुढे अपिलात “संधी मिळाली नाही” म्हणणं अवघड जातं. मागूनही नाकारली, तर तोच अपिलाचा भक्कम मुद्दा होतो.

जागेचा वाद असेल तर स्थळपाहणी मागा आणि स्वतः हजर राहा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. पटत नसेल तर सहीच्या वर तसं लिहा. जागा सरकारी आहे का, हे भूमी अभिलेखच्या मोजणीवरून दाखवायला हवं. घर कुणाच्या नावावर आहे हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून दिसतं. तिथे राहतं कोण, यासाठी भाडेकरार, लाइट बिल, गॅसची पावती, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेतला पत्ता असे कागद जमवा. दहा तोंडी जबाबांपुढे दोन वर्षांची बिलं भारी पडतात.

सुनावणीच्या प्रत्येक तारखेला रोजनाम्यात काय लिहिलं ते वाचा. तुम्ही हजर होतात, कागद दिले, मागणी केली, हे त्यात आलंय का बघा.

आदेश आल्यावर निकालाची ओळ वाचून थांबू नका, कारणांची पानं वाचा. तुमच्या कागदांचा उल्लेख आहे का? ते का नाकारले, ते लिहिलंय का? नसेल तर मुदत मोजायला लागा. ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेत जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर १५ दिवसांत अपील करावं लागतं आणि ते विभागीय आयुक्तांपुढे चालतं. मामलेदार न्यायालयाच्या आदेशावर अपील नसतं, पुनरीक्षण मागता येतं. मुदत चुकली तर चांगली बाजूही हातची जाते.

तक्रार करणाऱ्यांनीही हे वाचावं

अतिक्रमण खरोखर होतं. रेशनचं धान्य खरोखर काळ्या बाजारात जातं. अशा वेळी तक्रार करणं गावाच्या भल्याचंच असतं. पण कच्च्या पुराव्यावर केलेली खरी तक्रारही पुढे पडते आणि दोषी माणूस ‘निर्दोष’ म्हणून गावात मिरवतो. रेशन दुकानदाराविरुद्ध “तो धान्य कमी देतो असं लोक म्हणतात” असं लिहिण्यापेक्षा ज्या पाच कार्डधारकांना कमी मिळालं, त्यांनी तारीख, किलो आणि पावतीसह आपापले जबाब द्यावेत. ते पाच जबाब पन्नास सह्यांपेक्षा जड.

अधिकाऱ्यांवर कामाचा ताण आहे, एकेका तहसीलदाराकडे फाइलींचा ढीग आहे, हे मान्य. पण निवडून आलेल्या माणसाला घरी पाठवणं म्हणजे त्याला मत दिलेल्या गावाचा कौल पुसणं आहे. त्यासाठी गावात एक चक्कर मारण्याइतका वेळ काढायलाच हवा. विचखेड्याच्या सरपंचांना न्याय मिळाला, पण त्यासाठी जळगाव, नाशिक, औरंगाबाद आणि दिल्ली असा प्रवास करावा लागला. पाच वर्षांच्या मुदतीतला मोठा काळ तारखांमध्ये गेला. इतक्या लांब जायची ऐपत आणि चिकाटी प्रत्येकाकडे नसते. बहुतेकांचा निकाल पहिल्याच टेबलावर कायमचा लागतो.

म्हणून “सगळं गाव सांगतंय” असं कुणी म्हणालं, की त्याच टेबलावर, त्याच दिवशी, लेखी विचारा: पाहिलं कुणी?